कंट्रोल सी, कंट्रोल व्ही : एका सवयीचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा घरातच थट्टा झाली. "यावर तासभर बोलणार? दोन बटणं दाबायची, झालं!" आता खरं सांगायचं तर ती दोन बटणं तिथे कशी आली, हे मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. आणि ते कळल्यावर शॉर्टकटचा फायदा म्हणून आपण जे सांगतो, "वेळ वाचतो, वेळ वाचतो", ते मला फार तोकडं वाटायला लागलं. वेळ वाचतोच, पण तो हिशेब आपण शेवटाकडे करू. आधी इतिहास.

सुरुवात संगणकापासून नाही होत. सुरुवात होते शिफ्टपासून. रेमिंग्टन कंपनीचा पहिला टाइपरायटर १८७४ च्या सुमारास बाजारात आला, त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. १८७८ मध्ये दुसरं मॉडेल आलं आणि त्यात एका खिळ्यावर दोन अक्षरं बसवली, खाली लहान, वर मोठं. मोठं अक्षर हवं तर एक कळ दाबायची, म्हणजे कागदाची गाडी, ज्याला आपण कॅरेज म्हणतो, ती प्रत्यक्ष सरकायची. शिफ्ट म्हणजे सरकणं. आज मोबाइलवर बोटानं बाण दाबतो तेव्हा काहीही सरकत नाही, नाव मात्र तेच. टायपिंगच्या क्लासला गेलेल्या मंडळींना आठवत असेल, करंगळीनं शिफ्ट दाबून धरताना बोट कसं भरून यायचं. गाडी खरोखर जड असायची हो!

तर पहिली कल्पना इथे जन्मली. एक कळ स्वतः काही उमटवत नाही, दुसऱ्या कळीचा अर्थ बदलते.

दुसरी पायरी कंट्रोल. हे आलं टेलिप्रिंटरकडून. १९६३ मध्ये अमेरिकेत आस्की नावाची प्रमाण संकेतावली ठरली आणि त्याच वर्षी टेलिटाइप कंपनीचं मॉडेल ३३ हे यंत्र आलं. तारेच्या पलीकडच्या यंत्राला अक्षरांखेरीज काही हुकूमही द्यावे लागत. ओळ संपव, घंटा वाजव, मजकूर संपला असं कळव. या हुकमांना अक्षर नाही, पण क्रमांक आहेत. ते पाठवायचे कसे? कंट्रोल दाबून अक्षर दाबायचं. हिशेब सोपा आहे. जी हे इंग्रजी वर्णमालेतलं सातवं अक्षर, सात क्रमांकाचा हुकूम म्हणजे घंटा, म्हणून कंट्रोल-जी दाबलं की पलीकडे घंटा वाजे. एच आठवं, आठ म्हणजे एक घर मागे. आय नववं, नऊ म्हणजे टॅब. सी तिसरं, तीन म्हणजे मजकुराचा शेवट. म्हणूनच पुढे अनेक संगणकांवर कंट्रोल-सी म्हणजे 'थांब' असा अर्थ रूढ झाला. आजही प्रोग्रॅमर मंडळी काळ्या खिडकीत चालू काम तोडायला तेच दाबतात. कॉपीचा आणि त्याचा काडीचाही संबंध नाही.

आता आपण येतो कॅलिफोर्नियात. झेरॉक्स कंपनीनं १९७० मध्ये पालो आल्टो इथे एक संशोधन केंद्र काढलं, ते पार्क या नावानं ओळखलं जातं. तिथे ब्राव्हो नावाचा एक शब्दसंपादक तयार झाला. फार पुढारलेला, पण एक खोड होती. त्यात दोन अवस्था होत्या. एका अवस्थेत तुम्ही दाबलेलं अक्षर मजकुरात उमटे, दुसऱ्या अवस्थेत तेच अक्षर हुकूम ठरे. आणि आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे माणूस विसरतो. त्या केंद्रात सांगितली जाणारी एक गोष्ट पुढे प्रसिद्ध झाली. समजा तुम्ही हुकमाच्या अवस्थेत आहात आणि तुमच्या ते ध्यानात नाही. तुम्ही 'एडिट' हा शब्द टाइप करता. ई म्हणजे 'एव्हरीथिंग', सगळा मजकूर निवडला गेला. डी म्हणजे डिलीट, तो पुसला गेला. आय म्हणजे इन्सर्ट, आता नवं लिहा. आणि टी. सगळं हस्तलिखित गेलं, त्या जागी एक टी उरला.

लॅरी टेस्लर नावाचा एक संशोधक तिथे होता. या 'अवस्था' प्रकाराशी त्याचं जन्माचं वैर. इतकं, की पुढे त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवरच 'नो मोड्स' लिहिलेलं असे. त्यानं आणि टिम मॉट यांनी १९७४-७५ मध्ये जिप्सी नावाचा संपादक तयार केला. आणि तो कोणासाठी, हे बघा. संगणकतज्ज्ञांसाठी नाही. जिन अँड कंपनी ही बॉस्टनची पाठ्यपुस्तकांची प्रकाशनसंस्था झेरॉक्सच्या मालकीची होती, तिथल्या संपादकांसाठी. ही मंडळी काम कशी करत? कागद, पेन्सिल, कात्री आणि गोंद. परिच्छेद कापायचा, दुसरीकडे चिकटवायचा. कट आणि पेस्ट. शब्दच तिथून उचलले आहेत. आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत ब्रोमाइड कापून पानावर चिकटवणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. रात्री बातमी वाढली की ब्लेडनं ओळी कापून खाली सरकवत.

जिप्सीत मजकूर कापला की तो एका अदृश्य जागी राहायचा आणि हवा तिथे चिकटवता यायचा. कुठली अवस्था नाही, काही नाही. टाइप केलं की अक्षर उमटणार, आणि हुकूम द्यायचा तर त्यासाठी वेगळी कळ.

टेस्लर १९८० मध्ये ॲपलला गेला. १९८३ ला लिसा, १९८४ ला मॅकिंटॉश. आणि तिथे ती ओळ आली, झेड, एक्स, सी, व्ही. कीबोर्डच्या खालच्या रांगेत डाव्या हाताखाली, ओळीनं चार. कंट्रोलऐवजी तिथे ॲपलची स्वतंत्र कळ होती, पण अक्षरं हीच. सी कॉपीचा, हे उघड आहे. एक्स म्हणजे काट मारल्याची खूण. झेड बाजूला होता म्हणून 'केलेलं मागे घे' यासाठी. आणि व्ही? त्याचा टेस्लर यांनी पुढे खुलासा केला तो मला फार आवडतो. मुद्रितशोधक सुटलेला शब्द घालायच्या जागी जी टोपीसारखी खूण करतो, ती उलटी केली की व्ही.

मंडळी, त्या खुणेला आपल्याकडे नाव आहे. काकपद. कावळ्याचं पाऊल. कोणी हंसपदही म्हणतं. पोथ्या उतरवून काढणारे लेखनिक अक्षर सुटलं की काकपद करून समासात ते लिहीत. म्हणजे आपण दिवसभरात जेवढ्या वेळा कंट्रोल-व्ही दाबतो तेवढ्या वेळा एक काकपद करत असतो. असो, मी फार लांब ओढत नाही. टेस्लरला काही पोथ्या माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण पोथीचा लेखनिक आणि बॉस्टनचा संपादक, दोघांची अडचण एकच होती.

गंमत अशी की ज्या मॅकिंटॉशनं हे शॉर्टकट घराघरांत नेले, त्याच्या पहिल्या कीबोर्डवर बाणाच्या कळाच नव्हत्या! लोकांनी माउस वापरायलाच हवा म्हणून मुद्दाम वगळलेल्या. १९८६ च्या मॅक प्लसबरोबर त्या आल्या.

आता आपल्याकडचा भाग. हा मी स्वतः भोगलेला आहे.

नव्वदच्या सुरुवातीला आपल्याकडे गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले आणि तिथे तीन देव होते, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस. वर्डस्टार हा १९७८ चा प्रोग्रॅम. माउस नाही, बहुतेक हुकूम कंट्रोलवर. कर्सर वर न्यायचा तर कंट्रोल-ई, खाली एक्स, डावीकडे एस, उजवीकडे डी. कीबोर्डवर बघा, या चार अक्षरांचा चौकोन होतो, दिशेप्रमाणे. तो शिकवताना आमचे सर अर्थ सांगत नसत, फक्त बोटं ठेवायला लावत. आठवड्यात हात आपोआप फिरायचा. मजकुराचा तुकडा उचलायचा तर आधी कंट्रोल-के-बी, शेवटी कंट्रोल-के-के, मग जिथे न्यायचा तिथे जाऊन कंट्रोल-के-व्ही. लांबलचक वाटतं ना? पण ज्यांचा हात बसला होता त्यांचा वेग बघत राहावा असा होता. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले जॉर्ज मार्टिन आजच्या काळातही वर्डस्टारवर लिहितात, हे त्यांनी स्वतः टीव्हीवर सांगितलेलं आहे. लोक हसले. मी नाही हसलो.

मग विंडोज आलं. आणि आमच्या हाताला जे येत होतं ते एका रात्रीत चुकीचं ठरलं. वर्डस्टारमध्ये कंट्रोल-एस म्हणजे एक अक्षर डावीकडे, इथे 'साठवून ठेव'. कंट्रोल-सी म्हणजे पुढचं पान, इथे कॉपी. आणि सगळ्यांत घातकी कंट्रोल-वाय. तिथे त्यानं ओळ पुसली जायची, इथे मागे घेतलेली गोष्ट पुन्हा होते. मी तेव्हा एका कचेरीत अर्धवेळ टायपिंग करत होतो. एक ऑपरेटरबाई होत्या, आम्ही त्यांना ताई म्हणायचो. वर्डस्टारवर त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं. नवीन मशिन आल्यावर साहेबांनी त्यांना माउस दिला आणि कालच लागलेल्या मुलाला त्यांना शिकवायला बसवलं. त्यांचा वेग निम्म्यावर आला. त्या मला म्हणाल्या, "अरे, मला टाइप करता येतं रे. हात उचलून त्या उंदरावर ठेवला की काय लिहीत होते तेच विसरते."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला शॉर्टकटचा सगळा अर्थ त्यात दिसतो.

ताईंना कोणी सांगितलं नाही की विंडोजमध्येही सगळं हातानं होतं. मेनू उघडला की प्रत्येक हुकमासमोर उजव्या बाजूला त्याचा शॉर्टकट छापलेला असतो. ही सोय मुद्दाम केलेली आहे. नवख्यानं मेनूतून जायचं, वाचता वाचता शिकायचं आणि एक दिवस मेनू सोडून द्यायचा. पण माणूस सोडत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वर्ड वापरणाऱ्या २५१ अनुभवी माणसांना विचारलं, तर नेहमीच्या हुकमांसाठीसुद्धा बहुतेक जण वरच्या चित्रांवर टिचकी मारत होते. संशोधक कॅरोल आणि रॉसन यांनी १९८७ मध्येच याचं कारण सांगितलं होतं. माणसाला आत्ताचं काम उरकायचं असतं. शिकायला थांबलं तर पुढे फायदा आहे हे कळतं, पण थांबवत नाही. आपण सगळे असेच, मीसुद्धा. एक्सेलमधले दहा शॉर्टकट शिकायचं मी दर दिवाळीला ठरवतो.

बरं, आता तो वेळेचा हिशेब. कार्ड, मोरन आणि न्यूएल या तिघांनी १९८० मध्ये माणसाच्या हालचालींचं एक मोजमाप मांडलं. सराईत टायपिस्टला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद. हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४. पडद्यावरच्या जागेवर नेम धरायला १.१. आता मेनूतून कॉपी करा. हात नेला, 'एडिट'वर नेम, टिचकी, 'कॉपी'वर नेम, टिचकी, हात परत आणला. बेरीज साधारण ३.४ सेकंद. शॉर्टकट म्हणजे दोन कळा, अर्धा सेकंदही नाही. तीन सेकंदांची बचत. दिवसात शंभर वेळा कॉपी केलं तरी किती झालं? पाच मिनिटं. पाच मिनिटांसाठी कोणी एवढा आटापिटा करावा?

आणि याला उलट बाजूही आहे, ती लपवायला नको. ॲपलचे ब्रूस टोनाझिनी यांनी १९८९ मध्ये लिहिलं की आमच्या चाचण्यांत घड्याळ लावून पाहिलं तर माउसच जलद ठरतो. शॉर्टकटवाल्याला आपण जलद आहोत असं फक्त वाटतं, कारण कुठली कळ ते आठवण्यात गेलेला वेळ त्याच्या लक्षातच येत नाही. यावर आजही वाद घालणारे आहेत. माझं मत विचाराल तर दोघंही खरं सांगताहेत. जो शॉर्टकट आठवावा लागतो तो शॉर्टकटच नव्हे, तिथे माउस बरा. जो हाताला पाठ आहे तिथे आठवणं हा टप्पाच गळून जातो. त्या तिघांच्याच मोजमापात 'मनाची तयारी' याला १.३५ सेकंद धरले आहेत, कुठल्याही कळीपेक्षा जास्त. आणि ताई सांगत होत्या ते याहून पुढचं आहे. हात उचलला, डोळे कागदावरून हलले, बाण शोधला, आणि वाक्य निसटलं. ते निसटलेलं वाक्य कुठल्याच घड्याळात मोजलं जात नाही.

कंट्रोल-झेडबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. टाइपरायटरवर चार कार्बन घालून पत्र काढताना शेवटच्या ओळीत चूक झाली तर काय व्हायचं, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. प्रत्येक प्रतीवर खोडायचं, नाहीतर नवा कागद. त्यामुळे टायपिस्ट मजकुरात सुधारणा सुचवतच नसे, जसं आलं तसं. चूक मागे घेता येते हे हाताला माहीत झालं तेव्हा माणूस परिच्छेद उलटापालटा करून बघायला लागला. ही बचत सेकंदांची म्हणायची का?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आतापर्यंत मी सोयीबद्दल बोलत होतो. काहींसाठी ही सोय नाही.

डॉसच्या काळात पडदा म्हणजे नुसती अक्षरं. त्यामुळे ती वाचून दाखवणारा प्रोग्रॅम करणं तुलनेनं सोपं होतं. टेड हेंटर हा मोटरसायकल शर्यतींतला खेळाडू, १९७८ मध्ये अपघातात त्याची दृष्टी गेली. तो पुढे प्रोग्रॅमर झाला, आणि १९८९ मध्ये त्याच्या कंपनीनं जॉज नावाचा पडदावाचक आणला. अंध माणसं नोकऱ्या करू लागली. आणि मग विंडोज आलं, चित्रांचं. ज्या बदलानं जगाला संगणक सोपा झाला त्याच बदलानं अंधांच्या तोंडावर दार लागलं. चित्राला वाचायचं काय? आणि माउसचा बाण, जो दिसतच नाही, तो न्यायचा कुठे? जॉजची विंडोजसाठीची आवृत्ती १९९५ मध्ये आली. पडद्यावर काय आहे ते अशा प्रोग्रॅमना सांगायची सोय मायक्रोसॉफ्टनं १९९७ मध्ये केली. २००६ मध्ये मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी एनव्हीडीए सुरू केला, पूर्ण मोफत. जॉज विकत घेणं न परवडणाऱ्यांसाठी हे किती मोठं होतं ते मी सांगायला नको.

माझा एक विद्यार्थी एनव्हीडीए वापरतो. वेबपानावर एच दाबला की पुढचं शीर्षक, के दाबला की पुढची लिंक, बी दाबला की पुढचं बटण. आवाज इतका जलद लावलेला, की मला एक शब्द कळत नाही. तो माझ्याआधी पान वाचून संपवतो. गेल्या वर्षी एका भरतीचा अर्ज भरताना तो अडला. जन्मतारीख. तिथे एक कॅलेंडर उघडायचं आणि त्यातला दिवस फक्त माउसनंच निवडता यायचा. टॅब दाबला की थेट पुढच्या रकान्यात. टाइप करू देत नाही, बाण चालत नाही. एम. ए. झालेला मुलगा, स्वतःची जन्मतारीख भरता येईना. शेवटी शेजारच्याला बोलावलं. तो मला म्हणाला, "सर, अर्ज माझा, पण सही केल्यासारखं वाटलं नाही."

ते कॅलेंडर करणाऱ्या माणसाच्या मनात काही वाईट नसणार. त्यानं फक्त माउस बाजूला ठेवून आपलं पान एकदाही वापरून बघितलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

वेळ झालीय, एखादा प्रश्न घेऊ या.

प्रश्न : मराठी टाइप करताना हे शॉर्टकट कसे चालतात? अक्षरं तर इंग्रजी आहेत.

चांगलं विचारलंत. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर सीच्या जागी म येतो, व्हीच्या जागी न, एक्सवर अनुस्वार. तरी मराठी चालू असतानाही कंट्रोल धरून तीच कळ दाबली की कॉपीच होतं. यंत्र तिथे कळीची जागा बघतं, म बघत नाही. म्हणून आपल्याकडे 'सी फॉर कॉपी' असं शिकवण्यापेक्षा आमच्या सरांसारखं बोट ठेवायला शिकवणं बरं. आणि मराठी-इंग्रजी अदलाबदल करायला खाली उजव्या कोपऱ्यात जाऊन टिचकी मारणाऱ्यांनी विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून बघा. अर्ध्या महाराष्ट्राला हे माहीत नाही असा माझा आपला अंदाज आहे.

प्रश्न : सर, एफ आणि जे या बटणांवर ती बारीक रेघ कशासाठी असते?

न बघता बोटं जागेवर यावीत म्हणून. इन्स्क्रिप्टमध्ये तिथे पहिली वेलांटी आणि र आहे. माझा तो विद्यार्थी बसल्याबरोबर आधी त्या दोन रेघा चाचपतो आणि मग हेडफोन लावतो.